आकडा आणि लेकरू



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण इथं जमतो, ते गणिताचे मास्तर. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. पण त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलेली एक गोष्ट मला डॉक्टरकीत फार उपयोगी पडली. उत्तर चुकलं की गुरुजी छडी काढत नसत. वही स्वतःकडं ओढून म्हणत, "कुठं घसरलास, तेवढं दाखव." मग मुलगा आपली पायरी आपणच शोधायचा. आजच्या विषयात आकडे पुष्कळ आहेत, आणि गुरुजींचा तो प्रश्न मला मधूनमधून लागणार आहे. विषय आहे मधुमेह झालेल्या लेकरांची साखर तपासणं.

"डॉक्टरसाहेब, लेकराला कुठं शुगर ऱ्हाती व्हय? आमच्या घरात तर कुणालाच न्हाई." हे वाक्य मी लोहाऱ्याच्या माणसाकडून ऐकलंय, परांड्याच्या माणसाकडून ऐकलंय, शिकलेल्या माणसाकडूनही ऐकलंय. त्यांची चूक नाही. आपल्याकडं 'शुगर' म्हटलं की पन्नाशीचा, पोट सुटलेला, बिनसाखरेचा चहा मागणारा माणूस डोळ्यासमोर येतो. लेकरांचा मधुमेह निराळा. याला टाइप १ म्हणतात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती वाट चुकते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्यानं हा होत नाही. आईनं गरोदरपणात काय खाल्लं, कुणाची नजर लागली, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण निदान झाल्यावर पहिला ठपका आईवर येतो, आणि तो ठेवणारे बहुतेक वेळा घरातलेच असतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २०२१ मध्ये केलेल्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची अशी सुमारे २ लाख २९ हजार मुलं होती. जगात हा आकडा सर्वांत मोठा. तेव्हा "लेकरांना कुठं शुगर असते" याचं उत्तर, "आपल्याकडंच, आणि सगळ्यांत जास्त" असं आहे.

आता माझी एक चूक सांगतो. वय लहान होतं, हात तयार व्हायचा होता. एक आठ-नऊ वर्षांचं पोरगं आणलं. उलट्या, पोटात दुखतंय, धापा टाकतंय, डोळे आत गेलेले. उन्हाळ्याचे दिवस. मी म्हटलं, ऊन लागलंय, पाणी कमी झालंय, ग्लुकोजचं सलाईन लावा. आपल्याकडं अशक्त दिसलेल्या प्रत्येक माणसाला 'ग्लुकोज चढवायची' जी सवय आहे, तीच माझ्या तोंडून बोलली. सिस्टरबाई जुन्या होत्या. त्यांनी मला न विचारता पोराचं बोट टोचलं. यंत्रावर आकडाच आला नाही. इंग्रजीतली दोन अक्षरं आली, त्यांचा उच्चार होतो 'हाय'. ते नमस्कार करत नव्हतं. माझ्या मोजण्याच्या पलीकडं साखर गेलीय, एवढंच सांगत होतं. बऱ्याच यंत्रांत ही हद्द ६०० ला असते. त्या पोराच्या रक्तात इन्सुलिन नव्हतं, चरबी जळून कीटोन तयार होत होते, रक्त आंबट झालं होतं, आणि मी वरून साखरेचं पाणी चढवायला निघालो होतो. पोरगं वाचलं. श्रेय त्या बाईंचं.

आईला विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. तीन आठवड्यांपासून रात्री उठून पाणी पितंय. पाच वर्षांपूर्वी अंथरूण ओलं करणं थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालंय. लघवीला मुंग्या लागताहेत. खातंय भरपूर, पण सदरा ढगळ होत चाललाय. मधल्या काळात दोन दवाखाने झाले, एक अंगारा झाला. कुणी थेंबभर रक्त पाहिलं नाही. आमच्या जुन्या वैद्यांनी मुंग्यांवरून हा रोग ओळखला, आणि आम्ही पाच सेकंदांत उत्तर देणारं यंत्र कपाटात ठेवून पोराला ऊन लागलंय म्हणत बसलो. म्हणून पुढं जाण्याआधी इथल्या शिक्षकांना, आशाताईंना आणि अंगणवाडीच्या ताईंना एवढंच सांगतो: तहान, वारंवार लघवी, रोडावणं, पुन्हा ओलं होणारं अंथरूण, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी साखर तपासायला पाठवा. उद्यावर ढकलू नका. टाइप १ मध्ये एक दिवस फार मोठा असतो.

साखर घरी तपासता येणं ही फार जुनी गोष्ट नाही. १९२२ च्या ११ जानेवारीला टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. पहिला अर्क अशुद्ध होता, जमलं नाही. २३ जानेवारीला शुद्ध केलेला अर्क टोचला आणि पोरगं उभं राहिलं. तोवर या रोगाची लेकरं उपाशी ठेवूनच थोडे दिवस जगवली जात. औषध आलं, पण ते किती द्यायचं हे सांगणारं काही घरात नव्हतं. होती ती परीक्षानळी, बेनेडिक्टचं निळं द्रावण आणि स्पिरिटचा दिवा. लघवीचे थेंब टाकून उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. इथं बसलेल्या काही जुन्या डॉक्टरांनी हे केलं असेल. पण ही शिळी बातमी. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते, आणि उतरते तीही काही तासांपूर्वीची. साखर खाली गेली असेल तर नळी निळीच. लेकरू बेशुद्ध पडायला आलंय आणि द्रावण सांगतंय, सगळं ठीक. १९६५ च्या सुमारास रक्ताच्या थेंबानं रंग बदलणारी पट्टी आली. १९७० मध्ये ती वाचणारं यंत्र आलं, किलोभराहून जड आणि डॉक्टरांच्या टेबलासाठी बनवलेलं. ते घरात शिरायला आणखी दहा वर्षं गेली.

आणि मग १९९३ साल. आपल्या जिल्ह्यात १९९३ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, भूकंप. गणपती नुकतेच बोळवलेले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं. या सभागृहातही कुणीतरी असेल ज्याचं घर त्या रात्री दगडामातीच्या माळवदाखाली गेलं. मी बोलण्याच्या ओघात त्या रात्रीचा वापर करणार नाही. फक्त तारखेचा एक योगायोग सांगतो, कारण तो कळला तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. त्याच ३० सप्टेंबर १९९३ या तारखेच्या अंकात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकानं एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष छापले. अमेरिका आणि कॅनडातले १४४१ टाइप १ रुग्ण, तेरा ते एकोणचाळीस वर्षांचे, सरासरी साडेसहा वर्षं पाहिलेले. अर्ध्यांना त्या काळची नेहमीची पद्धत: दिवसातून एक-दोन इंजेक्शनं, साधी तपासणी. उरलेल्यांना तीन किंवा जास्त इंजेक्शनं किंवा पंप, आणि दिवसातून किमान चार वेळा बोट टोचून साखर पाहून त्याप्रमाणं इन्सुलिन कमीजास्त करणं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका दुसऱ्या गटात ७६ टक्क्यांनी घटला. मूत्रपिंडांचा आणि नसांचा त्रासही निम्म्याच्या आसपास आला. एक किंमत होती. साखर एकदम खाली जाण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीनं वाढले. म्हणजे घट्ट लगाम धरायचा तर डोळे उघडे हवेत, अधिक वेळा मोजायला हवं.

तेव्हा जगभरच्या डॉक्टरांच्या मनातला एक वाद मिटला. साखर मोजणं हा उपचाराचा निम्मा भाग आहे. इन्सुलिन हा दुसरा निम्मा. आज मला एवढी एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे, बाकीचं सगळं तिचाच विस्तार. आपण इन्सुलिनला औषध म्हणतो आणि पट्टीला खर्च म्हणतो. सरकारी रुग्णालयात इन्सुलिन मिळतं, कधी संपतं, पण मिळतं. घरी न्यायला पट्ट्या मिळायची सोय मात्र सहसा नसते. बाटली दिली, सिरिंज दिली, आणि बैलगाडी हाकायला बसवलं डोळ्यांवर फडकं बांधून.

हिशेब करू. गुरुजींच्या नावाच्या व्याख्यानात हिशेब नसेल तर बरं दिसणार नाही. एक पट्टी वीस रुपयांना धरा. दिवसातून चार वेळा म्हणजे ऐंशी रुपये. महिन्याचे चोवीसशे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे महिन्यातली जवळपास पावणेआठ दिवसांची मजुरी निव्वळ पट्ट्यांना. सुया वेगळ्या, इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागलं तर ते वेगळं, सोलापूर-लातूरचं एसटीचं भाडं वेगळं, आणि त्या दिवशी बुडालेला रोज वेगळा. मग घर काय करतं? चारच्या जागी दोनदा तपासतं. मग एकदा. मग 'बरं नसलं तर'. कुणी पट्टी कात्रीनं उभी कापून दोन करायचा प्रयत्न केलेलाही मी पाहिलाय. पूर्वीच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या लोक तशा कापत. आताच्या विजेच्या पट्ट्यांत ते चालत नाही. त्या माणसाला मी रागावू शकलो नाही.

भूम, वाशी, कळंबकडची बरीच कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. बाप कोयत्यावर, आई मोळ्या बांधायला, लेकरू कोपीत. तिथं फ्रिज नाही, ओळखीचा दवाखाना नाही. साखर बनवणाऱ्या कारखान्याच्या सावलीत बसलेल्या त्या पोराची साखर किती, हे कुणालाच माहीत नसतं. ही ओळ मी लिहिली तेव्हा मला ती फार जुळवलेली वाटली. पण वस्तुस्थितीच तशी जुळलेली आहे, मी काय करू?

सरकारी कार्यक्रम नाहीत असं नाही. असंसर्गजन्य आजारांची तपासणी आपल्याकडं वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. दहा वर्षांच्या मुलीनं तोवर वाट कशी पाहायची? शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून फिरताहेत, काम चांगलं आहे. प्रत्येक मुलाचं बोट टोचा असं मी म्हणणार नाही. त्यातून काही निघत नाही आणि पट्ट्या वाया जातात. पण 'हिची तब्येत उतरलीय, पाणी फार पिते' असं बाई म्हणाल्या, तर त्या पथकाच्या पिशवीत एक यंत्र असावं. केरळ सरकारनं टाइप १ च्या मुलांसाठी 'मिट्टायी' नावाची योजना काढली आणि मुलांचे उपचार अंगावर घेतले. मल्याळममध्ये मिट्टायी म्हणजे मिठाई. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनंही २०२२ मध्ये टाइप १ साठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कागद तयार आहे. पट्टी तेवढी पोचायची आहे.

आपल्या राज्यात हे काम कुणी केलंच नाही असं नाही. छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांच्या पुढाकारानं 'उडान' ही संस्था टाइप १ च्या मुलांसाठी उभी राहिली. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या 'ड्रीम ट्रस्ट'नं गरीब घरांतल्या लेकरांपर्यंत इन्सुलिन पोचवलं. पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा आणि डॉ. वामन खाडिलकर यांनी या मुलांची वाढ, हाडं, उंची यांवर वर्षानुवर्षं काम केलं. या सगळ्यांकडं मुलांना इन्सुलिनच्या बरोबरीनं शिकवणही मिळते: कधी मोजायचं, आलेल्या आकड्याचं काय करायचं. आपल्या जिल्ह्यात तर याची पेरणी आधीच झालेली आहे. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. कमी शिकलेली बाई ताप, जुलाब, बाळंतीण सांभाळू शकते हे त्यांनी करून दाखवलं. तिला थेंबभर रक्ताची पट्टी वाचणं जड आहे, असं मला कुणी सांगू नये.

आता पट्टी मिळाली असं धरू. खरी अडचण पुढंच सुरू होते.

तेरा वर्षांचा एक मुलगा वही घेऊन यायचा. सुंदर वही. सकाळ ११०, दुपार १३०, रात्री १२०. महिनाभर एकाच शाईत, एकाच हातानं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी केली तर ती अकराच्या वर. सातच्या आसपास हवी. यंत्राला स्मरणशक्ती असते. मी बटण दाबून मागं गेलो. २८७, ३४०, ६१, मग दोन दिवस काहीच नाही, मग ३१२. मुलगा माझ्याकडं पाहत नव्हता, बापाकडं पाहत होता. नंतर एकट्यात विचारलं तेव्हा म्हणाला, "जास्त आली की पप्पा ओरडतात, आई रडती, जेवायला कुणीच बसत न्हाई. मग लिहितो."

या पोरानं खोटं लिहिलं नव्हतं हो. त्यानं घरात शांतता लिहिली होती. असल्या वह्या जगभर सापडतात. यंत्रांना स्मरणशक्ती आली तेव्हापासून डॉक्टरांना त्या माहीत झाल्या, त्याआधी आम्ही त्या वह्यांना शाबासकी देत होतो.

तेर आपल्यापासून लांब नाही. तिथल्या संत गोरोबाकाका कुंभारांची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. संतमंडळी जमलेली, मुक्ताईनं विचारलं, काका, यातली कोणती मडकी कच्ची? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत गेले. बाकीचे हूं की चूं करीनात. नामदेव कुरकुरले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय आणि प्रत्येक वेळी माझा जीव नामदेवांपाशीच अडकतो. ज्याला लागलं त्यानं बोंब मारली, यात वाईट काय? साखर तपासताना आपण काकांचं थापटणं हातात घेतो. ३०० आली: कच्चं मडकं. "काय खाल्लंस? खरं सांग! कुणी दिलं?" पोलीस ठाण्यातली भाषा. लेकरू एका आठवड्यात शिकतं की आकडा म्हणजे आपली लायकी.

आणि तो ३०० कशानं आला असेल? सर्दी-तापानं साखर चढते. वयात येताना वाढीच्या संप्रेरकांमुळं इन्सुलिन पुरं पडत नाही. तेच पोरगं, तोच डोस, तीच भाकरी, आणि साखर दीडपट. मुलींची पाळीच्या आधी चढते. पहाटे शरीर स्वतःच साखर सोडतं. इंजेक्शन रोज एकाच जागी घेतलं की तिथं गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. इन्सुलिनची बाटली दप्तरात उन्हात तापलेली असते. पेपराची धास्ती असते. आणि हो, कधीकधी पोरानं जिलेबी खाल्लेली असते. हात न धुता टोचलं तरी आकडा चढतो: उसाचं कांडं सोललं, त्याच बोटाचा थेंब घेतला, तर यंत्र बोटावरचा रस मोजतं. पंधराएक टक्क्यांची चूक तर चांगल्या यंत्रालाही माफ असते, म्हणून ११० आणि १२० यांवरून घरात भांडू नका. मग विचारायचं काय? गुरुजींचा प्रश्न. कुठं घसरलं, दाखव. आपण दोघं शोधू.

गोरोबाकाकांची दुसरी गोष्ट मला इथं आठवते, आणि ती सांगताना आवाज खाली येतो. नामाच्या तंद्रीत चिखल तुडवताना रांगतं लेकरू पायाखाली आलं, त्यांना कळलं नाही. ती भक्तीची तंद्री होती, तिच्यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण काळजीचीसुद्धा तंद्री लागते. आकड्याच्या नादात आकड्याच्या खालचं लेकरू दिसेनासं झालेले आईबाप मी पाहिलेत. चांगले, जिवापाड करणारे आईबाप.

याच तपासणीची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तपासणी न केल्यानं मुलं दगावतात. निदान झाल्यावर, इन्सुलिन सुरू केल्यावर, काही मुलांत उरल्यासुरल्या पेशी पुन्हा थोडं काम करू लागतात. इन्सुलिनची गरज एकदम उतरते. डॉक्टरी भाषेत याला 'हनिमून' म्हणतात, ते नाव लेकरांच्या रोगाला कुणी दिलं कोण जाणे. घराला वाटतं, बरं झालं. याच वेळी कुणीतरी पाहुणा एखाद्या औषधाचा पत्ता आणतो, इन्सुलिन बंद होतं आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पोरगं धापा टाकत परत येतं. हनिमूनमध्ये इन्सुलिन कमी होतं, बंद होत नाही. किती कमी करायचं ते पट्टी सांगते, पाहुणा नाही.

साखर ७० च्या खाली गेली तर मात्र चौकशी नंतर. आधी तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचून पाहायचं. त्या क्षणी कुंथलगिरीचा पेढा नको. कितीही आवडता असला तरी खव्यातल्या स्निग्धानं साखर रक्तात चढायला उशीर लागतो. लेकरू बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. हे शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत हवं. घाम, थरथर, विनाकारण चिडचिड, फळ्याकडं शून्य नजर, ही वर्गातली लक्षणं आहेत, आणि बहुतेक वेळा त्याबद्दल पोराला बाकावर उभं केलं जातं.

शाळेचं निघालंच आहे म्हणून सांगतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं २०१७ मध्ये टाइप १ च्या परीक्षार्थींना परीक्षेच्या खोलीत खाऊ आणि पाणी नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना कळवलं की वर्गात तपासणी, इन्सुलिन आणि मधलं खाणं यांना आडकाठी नको. तरीही एका शाळेत, तिचं नाव घेत नाही, एका मुलीला 'सुया आणू नकोस, बाकीची पोरं घाबरतात' असं सांगितलं गेलं. मग ती मुतारीत जाऊन टोचायची. मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. 'लग्नाला अडचण नको' म्हणून घरच सांगतं, कुणाला दाखवू नकोस. लपवायचं ठरलं की तपासणी सगळ्यांत आधी बंद पडते, कारण यंत्र दिसतं. शाळेबाहेरचंही एक सांगतो. आमच्या तुळजापूरला नवरात्रात आणि कोजागरीला चालत येणारी पोरं असतात. त्यांत टाइप १ ची मुलंही येऊ शकतात, यायला हवीत. पण दिवसभर चाललेल्या शरीराची साखर रात्री झोपेत, कित्येक तासांनी खाली येते. म्हणून त्या रात्री झोपण्याआधी एकदा आणि मध्यरात्री एकदा तपासायचं. कडक उपवासाचं भवानीला काही अडलेलं नाही.

आता दंडाला चिकटवायचे सेन्सर आले आहेत. दोन आठवडे राहतात, बोट न टोचता आकडा दाखवतात, साखर चढतेय की उतरतेय हेही सांगतात. त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतात म्हणून रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागं असतात. फार चांगली सोय. किंमत हजारांत. ज्याला परवडतं त्यानं जरूर लावावा, पण बापाच्या मोबाइलवर चोवीस तास आकडा दिसायला लागला की पोरासाठी घर चोवीस तास पोलीस ठाणं होतं, हेही ध्यानात ठेवा. जिल्ह्यापुरतं मी सेन्सरचं स्वप्न बाजूला ठेवतो. आधी पट्टी. शिवाय आपल्याकडच्या पोरापोरींत रक्त कमी असतं, लोहाच्या कमतरतेनं तीन महिन्यांची तपासणी खोटी चढलेली दिसू शकते. म्हणून 'तीन महिन्यांतून एकदा लॅबमध्ये पाहू' यावर भागत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याच मातीतली आहे. वैशाखात इथला पारा चाळिशी ओलांडतो. इन्सुलिन बिघडतं आणि मग आकडा का चढतोय ते कळत नाही. फ्रिज नसेल तर काय? दोन मातीची भांडी एकात एक, मध्ये ओली वाळू, आत डब्यात बंद केलेली बाटली, वर ओलं फडकं. पाणी उडतं आणि आतली हवा थंड होते. निरनिराळ्या देशांतली अशी मातीची भांडी मोजून पाहिलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या हवेत ती चांगलं काम करतात, आणि आपला उन्हाळा कोरडाच. बाटली पाण्यात बुडवायची नाही, बर्फावर ठेवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. पट्ट्यांची डबी मात्र या मडक्यात नको. तिला ओल सोसत नाही. ती झाकण घट्ट लावून कोरड्या, सावलीच्या कोनाड्यात. तेरच्या कुंभारवाड्याला याहून मोठी ऑर्डर कुणी देऊ शकेल असं मला वाटत नाही.

माझी मागणी साधी आहे. इथं पंचायतीची, जिल्हा परिषदेची मंडळी बसली आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक टाइप १ मुलाची यादी करा. आशाताईंनी ठरवलं तर महिनाभराचं काम आहे. त्या यादीतल्या प्रत्येक लेकराला इन्सुलिनसोबत दिवसाला चार पट्ट्या द्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला सहा महिन्यांच्या एकदम द्या. जिल्हा नियोजन समितीच्या कागदावर हा आकडा फार छोटा दिसेल. आता जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. आठवड्यातला एक दिवस या मुलांसाठी राखून ठेवणं त्यांना अवघड नाही.

आणि बाहेर दाराशी टेबलावर एक यंत्र, पट्ट्या आणि साबण-पाणी ठेवलं आहे. मोठ्यांनी जाताना आपापलं बोट टोचून घ्यायचं, आकडा स्वतःच्या हातानं भिंतीवरच्या कागदावर लिहायचा. नाव लिहायचं नाही. मागच्या रांगेतली मुलं रांग लावतील आणि तुमच्याकडं बघत राहतील; त्यांना मी सांगून ठेवलंय की कुणाचाही आकडा किती आला यावर हसायचं नाही. चहा तपासणी झाल्यावर.